लॅपटॉपपुढे वाढवलेला नारळ

भावोजी,

मी जर्मनीहून येऊन पोचलो त्याच दिवशी तावडेकाकू भेटायला आल्या. ताईसाठी चहाचा थर्मास आणि पिठलंभात घेऊन आल्या होत्या. ताईच्या गळ्यात पडून रडल्या, तुमच्या फोटोला हात जोडले, आणि निघताना चपलेत पाय घालता घालता मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "सुभाष, राग मानू नको हां, पण आमचा मिक्सर झाला होता काय रे?"

मला हसू आवरेना. सुतकाच्या घरात हसताना सापडू नये म्हणून तोंडाला टॉवेल लावून गॅलरीत पळालो. बाहेर उभे असलेले लोक एकमेकांना म्हणाले, मेहुण्याला हुंदका आवरत नाहीये. खरं सांगायचं तर दोन्ही चाललं होतं.

तुमचं दुरुस्तीचं टेबल अजून तसंच आहे. मिक्सर, इस्त्र्या, कोणाचा तरी टेबलफॅन, सगळे पोट उघडून पडलेत. जायचंच होतं तर निदान झाकणं तरी लावून जायची. रोज कोणी ना कोणी येतं, डोळे पुसतं आणि जाता जाता आपली वस्तू नजरेनं शोधून जातं. ताई म्हणते, "हे गेले तरी ह्यांचं गिऱ्हाईक काय जात नाय."

मंडळाच्या लोकांनी शोकसभा घेतली. मला दोन शब्द बोल म्हणाले. मी उभा राहिलो आणि तसाच खाली बसलो. तुमचं गाव, तुमची गिरणी, तुमचा संप हे सगळं समोरच्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ होतं. त्यांना काय नवीन सांगणार? मला तुमच्याशी बोलायचं होतं, तुमच्याबद्दल नव्हे. म्हणून हे लिहितोय.

संप सुरू झाला तेव्हा लालबाग-परळातली माणसं बायकापोरांना गावी धाडत होती. तुम्ही उफराटे. तुम्ही गावाहून मेहुण्याला मुंबईत आणलंत. आमच्या गावची शाळा चौथीत संपत होती आणि ताईला वाटत होतं की मी शिकावं, एवढंच कारण. चाळीतल्या शहाण्यांनी तुम्हाला समजावलं, म्हणे अरे, घरात खाणारं तोंड कमी करायचं सोडून वाढवतोस काय? तुम्ही म्हणालात, "गिरण बंद आसा. शाळा चालू आसा ना?" मला तेव्हा मुंबईची अक्कल नव्हती, त्यामुळे या वाक्याचं वजन कळायला बरीच वर्षं लागली. त्या वेळी तर तुम्ही मला शाळेत सोडून, कपाळावर आठ्या घालून, कुठल्या तरी दुकानात पंखे दुरुस्त करायला जायलाही लागला होतात.

संपाबद्दल तुमच्याशी वाद घालून काही उपयोग नव्हता. मी कॉलेजात गेल्यावर फार शहाणा झालो होतो. संप फसला, असं एकदा जेवताना म्हणालो. तुम्ही भाताचा घास तसाच हातात धरून विचारलंत, "संप मागे कोणी घेतला? नाव सांग." मी ताईकडे मीठ मागितलं. "मग फसला कसा? मी अजून संपावरच आहे." त्यानंतर ताईनं भाजी आणायला सांगितली की तुमचं उत्तर ठरलेलं असायचं, मी संपावर आहे. ताई म्हणायची, मग जेवण पण बंद. पिशवी घेऊन तुम्ही गुपचूप निघायचात. हसण्यावारी न्यायचात, पण गिरणी पाडून तिथं काचेची इमारत उभी राहिली तेव्हा त्या रस्त्यानं जायचं तुम्ही सोडलंत. लांबचा वळसा घालून मार्केटात जायचात. मला ते दिसत होतं आणि मी कधी विचारलं नाही. बरं केलं, असं अजूनही वाटतं.

साचेखात्यातला, म्हणजे गिरणीतल्या मागांवरचा, फिटर मिक्सर दुरुस्त करायला बसला तरी फिटरच राहतो. यंत्र बिघडत नाही, रुसतं, हे तुमचं मत. आधी त्याच्या अंगावर हात ठेवायचा, मग कान लावायचा, मग त्याला दोन शिव्या द्यायच्या आणि सगळ्यात शेवटी स्क्रूड्रायव्हर. मी म्हणायचो, आधी प्लग बघा. तुम्ही म्हणायचात, प्लग काय कोणी पण बघेल. आणि निम्म्या वेळा प्लगच सैल असायचा. ते तुम्ही कधी कबूल केलं नाहीत. प्लग गुपचूप दाबून, वर पुन्हा मशीनलाच दम द्यायचात.

पण घरात काही बिघडलं की माझ्या तोंडून एकच वाक्य निघायचं, "भावोजींना फोन दे." जर्मनीत गीझर बंद पडला तरी फोन तुम्हाला. बायकोशी भांडण झालं तरी तुम्हाला. त्या दिवशी ताईचा फोन आला. ती म्हणाली, "सुभ्या, हे गेले रे." आणि मी काय म्हणालो ठाऊक आहे? "तू रडू नको. भावोजींना फोन दे." बोलून गेल्यावर मला कळलं. इतका पोरका मी आईच्या वेळीही झालो नव्हतो.

असो. तुम्हाला रडकी माणसं आवडत नाहीत. आता लॅपटॉपची गोष्ट. ती तुम्ही चाळभर तुमच्या पद्धतीनं सांगत फिरलात, आज माझ्या पद्धतीनं ऐका.

माझी मुलगी जर्मनीत जन्मली. तुम्हाला आणि ताईला मूल नाही. त्याचं दुःख तुम्ही दोघांनी इतकं घडी घालून ठेवलं होतं की त्याला कोणी हात लावत नसे. म्हणून आमच्या घरातलं हे पहिलंच बाळ. ताईनं मला बजावलं होतं, "बारसं कुठंही कर, चंद्रावर कर. पोरीच्या कानात नाव मीच सांगणार. आत्या आहे मी." तिकीट काढून देतो म्हटलं तर विमानाला घाबरत होती. तेव्हा फोन म्हणजे बटणांचे, त्यात चेहरा दिसायची सोय नव्हती. ताईनं पोरीचे फक्त फोटो पाहिले होते. मग मी माझा जुना लॅपटॉप एका मित्राबरोबर लालबागला पाठवला, तुम्ही खटपट करून इंटरनेट घेतलंत, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, बारसं धरलं. लॅपटॉपवर ताई पोरीला पहिल्यांदा बघणार आणि नाव ठेवणार, असं ठरलं.

तुमच्याकडची तयारी माझ्याकडच्यापेक्षा मोठी होती. तावडेकाकूंच्या माळ्यावरचा पाळणा उतरवून तुम्ही खोलीत टांगला, त्याला झेंडूच्या माळा लावल्या. पाळण्यात काय, तर लॅपटॉप ठेवायचा. बायकांनी पाळणा म्हणायचा आणि लॅपटॉपला झोका द्यायचा. घुगऱ्या शिजल्या होत्या. मजल्यावरच्या सगळ्या बायका नव्या साड्या नेसून खोलीत मावेनात, म्हणून गॅलरीत उभ्या होत्या.

आणि लॅपटॉप सुरू होईना.

ताईनं फोन लावला. आमच्याकडे सकाळ, तुमच्याकडे दुपार. मी म्हटलं, "चार्जरचा दिवा लागलाय का विचार."

"अहो, चार्जरचा दिवा लागलाय का विचारतोय."

मागून तुमचा आवाज आला, "त्याला सांग, तो चड्डीत होता तेव्हापासून मी मशिनी बघतोय."

"म्हणजे लागलाय का?"

"लागलाय म्हणतायत."

"बटण दाबल्यावर काय होतं?"

ताईनं फोन तुमच्या कानाला लावला. तुम्ही म्हणालात, "लागतो रे. पंखा फिरतो. जरा घुरघुरतो आणि मान टाकतो. परत दाबला की परत तेच. रुसलाय."

मी तुम्हाला बॅटरी काढायला लावली, नुसत्या चार्जरवर चालवून पाहायला लावलं. मग चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर. दर वेळी तेच, लागायचा, घुरघुरायचा, मान टाकायचा. मी विचार करत होतो तेवढ्यात फोनवर ओळखीचा खुळखुळाट ऐकू आला. तुमच्या स्क्रूंच्या डब्याचा.

"भावोजी, स्क्रू खोलू नका! तुम्हाला माझी शपथ आहे!"

"मी कुठं खोलतोय? मी नुसता डबा जवळ घेतलाय. त्याला जरा भीती वाटायला हवी."

इकडे माझ्या घरात पाहुणे जमलेले. पोर भुकेनं रडायला लागली होती, बायको तिला घेऊन आतबाहेर करत होती. एका भल्या बाईंनी सुचवलं, "आम्ही करतो ना आत्याचं! मानलेली आत्या म्हणून मी सांगते कानात. मुहूर्त कशाला घालवायचा?" त्या चांगल्या मनानं म्हणाल्या, पण फोन चालू होता. ताईनं ऐकलं. म्हणाली, "कर रे सुभ्या. पोरीला कशाला ताटकळत ठेवायचं? काय बिघडत नाय. नाव महत्त्वाचं." मी ताईला लहानपणापासून ओळखतो. मला शाळेत घातलं त्या वर्षी दिवाळीला तिनं साडी नको म्हटलं होतं, तेव्हा तिचा आवाज असाच होता.

तुम्ही तिच्या हातातून फोन काढून घेतलात. "सुभ्या, त्या बाईंना घुगऱ्या दे, चहा दे, काय हवं ते दे. पण पोरीच्या कानाजवळ कोणी गेलं तर तुझं माझं नातं संपलं. समजलं? आता सांग, काय करू?"

तुम्ही मला 'काय करू' विचारलंत. जन्मात पहिल्यांदा. आणि मी तर प्रोग्रॅम लिहिणारा माणूस. यंत्राच्या पोटातलं मला तरी कुठं काय कळतंय?

मग काही सुचेना म्हणून मी माझाच लॅपटॉप बंद करून चालू केला, नक्की काय काय होतं ते बघायला. घाबरलेल्या माणसाचं बोट जड असतं. ते बटणावर तसंच राहिलं. माझा लॅपटॉप लागला, घुरघुरला आणि विझला. अगदी तुमच्याकडच्यासारखा.

"भावोजी! बटणावरचं बोट काढा!"

"बोट कुठाय? दोन्ही हात कमरेवर आहेत माझे. विचार ताईला."

"मग बटण आत अडकून बसलंय. दाबलेलंच राहतंय ते. काय केलंत तुम्ही बटणाला?"

पलीकडे गॅलरीतल्या बायकांच्या बांगड्या ऐकू आल्या. मग ताईचा आवाज, "अहो, काल पूजा केलीत ना त्याची? सांगा की."

दसरा! गिरणीत दसऱ्याला साचे पुसून, झेंडू घालून त्यांची पूजा व्हायची, हे तुम्ही मला शंभरदा सांगितलं होतं. गिरणी गेली तरी तुमची पूजा राहिली. दर दसऱ्याला टेबलावर पकड, पाना, सोल्डरिंग आणि गिऱ्हाइकांचे मिक्सर ओळीनं बसायचे आणि त्या दिवशी कोणीही त्यांना काम सांगायचं नाही. त्या वर्षी त्या ओळीत माझा लॅपटॉप बसला होता.

"नारळ!" मी ओरडलो. "भावोजी, नारळ वाढवलात?"

"वाढवला. मग? नव्या मशीनला नारळ नको?"

"पाणी कुठं गेलं? नारळाचं पाणी आत गेलं असेल तर आता बटणाला हातसुद्धा लावू नका!"

"पाणी मी प्यायलो," तुम्ही म्हणालात. "नारळ उंबऱ्यावर वाढवला. मी काय येडा आहे? मशीनवर पाणी घालतात काय कधी? मशीनला फक्त हळदकुंकू आणि अक्षता."

"कुठं लावलंत हळदकुंकू?"

"हँडलला."

साच्याची पूजा हँडलला करतात, कारण साचा तिथून जागा होतो. लॅपटॉपला हँडल नाही. मग तो जिथून जागा होतो ते बटण तुम्ही शोधलंत, त्याला ओलं कुंकू लावलंत, वर अक्षता वाहिल्यात, त्या ओघळू नयेत म्हणून अंगठ्यानं नीट दाबल्यात, आणि भक्तिभावानं झाकण बंद केलंत. रात्रभर झाकणाचा भार. सकाळी वरवरच्या अक्षता तुम्ही फुंकरीनं उडवल्यात. पण एक दाणा बटणाच्या फटीत जाऊन बसला आणि कुंकवासकट वाळला.

ताईनं गोधडीची सुई दिली. मी पुन्हा बॅटरी आणि चार्जर दोन्ही काढायला लावले. त्यानंतर फोनवर फक्त तुमचा श्वास ऐकू येत होता आणि मध्येच लॅपटॉपला दिलेली मालवणी शिवी. मग "आला भायर!" आणि गॅलरीभर टाळ्या. तावडेकाकूंनी म्हणे तो लाल तांदूळ हातात घेऊन सगळ्यांना दाखवला.

लॅपटॉप सुरू झाला. पडद्यावर आधी तुमची भुवई आली, मग नाक, मग सबंध खोली. लॅपटॉप पाळण्यात ठेवून ताईला पुढं बसवलंत. मी पोरीला उचलून आणलं. ती टाहो फोडून रडत होती. ताईनं तिला बघितलं. नुसती बघत राहिली. बायकांनी रीतीप्रमाणे ताईच्या पाठीत बुक्के घालायला मुठी उगारल्या होत्या. मी पोरीचा कान स्पीकरजवळ नेला. ताई पाळण्यात वाकली, "कुर्रर्र" म्हणाली, आणि पुढं तिच्या तोंडून अक्षर फुटेना. ओठ हलत होते. डोळ्यांतून घळाघळा पाणी. इतक्या वर्षांची घडी त्या एका क्षणात उलगडली होती.

तेव्हा तिच्या खांद्यावरून तुमचं डोकं पुढं आलं आणि तुम्ही लॅपटॉपच्या अगदी तोंडाशी जाऊन, तीस साच्यांच्या खडखडाटात बोलायची सवय असलेल्या आवाजात म्हणालात, "कुर्रर्र, रेवा!" बायका आधी दचकल्या, मग सगळे बुक्के तुमच्या पाठीत. तुम्ही मार खात खात विचारत होतात, "सुभ्या, आवाज येतो काय? पोचला काय रे आवाज?" आणि मी उत्तर द्यायच्या आत नेट गेलं.

नेट परत आलं तोवर ताई सावरली होती. तिनं नीट, साग्रसंगीत नाव ठेवलं. फोटोही त्याचेच आहेत. आणि तुम्ही त्याच दिवशी निकाल देऊन टाकलात की तुम्ही नाव ठेवलंच नाही, फक्त माइक तपासत होतात. "पलीकडून उत्तर आलं नाही, म्हणजे आवाज पोचला नाही. पहिलं नाव तुझ्या ताईनंच ठेवलं." ताई बाजूला बसलेली असायची, म्हणून मीही मान डोलवायचो. आत्याचा मान आत्याकडे राहिला.

पण प्रत्येक वेळी मी परत जायला निघालो की टॅक्सीत बॅग ठेवताना तुम्ही हळूच विचारायचात, "खरं सांग रे. त्या दिवशी पोचला होता काय आवाज?" मी हसून टॅक्सीत बसायचो. तुमची एवढी एक मौज शिल्लक ठेवायची, असं वाटायचं. पुढच्या खेपेला सांगू, म्हणायचो.

काल हे सगळं ताईला बोलून दाखवलं. ती तुमच्या टेबलाशी तावडेकाकूंच्या मिक्सरचं झाकण शोधत होती. मागं वळून न बघता म्हणाली, "मला काय ठाऊक नाय होय? मी पाळण्यात बघत होते. सांगून टाक त्यांना."

तर भावोजी, आवाज पोचला होता. स्पष्ट पोचला होता. माझी पोर रडायची थांबली आणि मान वळवून तुम्हाला शोधत होती.